संत्रा लावण्याआधी विहीर बघ
भाऊ, काटोलकडे संत्रा लावतो म्हणतोस, तर कलमांचा भाव विचारण्याआधी मे महिन्यातली विहीर बघ. मोटर किती वेळ चालते ते मोज. आंबिया बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलांचं पीक, घेतला की भर उन्हाळ्यात झाडाला पाणी तोडता येत नाही. मृग बहार, म्हणजे जून-जुलैतल्या फुलांचं पीक, पावसाच्या भरवशावर, अन् जूनचा पाऊस आता लहरी झाला आहे. विहिरीला झेपतील तेवढीच झाडं लाव. ठिबकच्या नळ्या खोडाला चिकटवू नकोस, फांद्यांच्या घेराखाली टाक. खोड ओलं राहिलं की डिंक्या येतो, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग. माझी 40 झाडं अशीच गेली, अजून जीव तुटतो. काळ्या जमिनीत पावसाळ्याआधी चर काढ, साचलेलं पाणीही संत्र्याला मारतं. शेततळं जमलं तर फारच बरं. पेंच धरणाचा कालवा आपल्याकडे येत नाही, बाप्पा.