४४० बीएक्स बोर्डवर २५६ एमबीची रॅम १२८ एमबीच का दिसते?

रॅम बहुधा चांगली आहे. तिच्यावरच्या चिपची घनता (एका चिपमध्ये किती मेमरी मावते ते) बोर्डाला झेपत नाही. इंटेलचा ४४० बीएक्स हा जुन्या मदरबोर्डवरचा, प्रोसेसर आणि रॅम जोडणारा चिपसेट; तो १२८ मेगाबिटपर्यंतच्या चिप नीट ओळखतो. २५६ एमबीच्या स्टिकवर एकाच बाजूला ८ चिप असतील, तर प्रत्येक चिप २५६ मेगाबिटची (८ मेगाबिट म्हणजे १ एमबी). अशी स्टिक निम्मी दिसते, किंवा मशीन सुरूच होत नाही. दोन्ही बाजूंना मिळून १६ चिप असलेली, १६८ पिनची एसडीरॅम (या बोर्डाला लागणारी जुनी रॅम) घ्या. विक्रेत्याकडून दोन्ही बाजूंचा फोटो मागवाच, नुसत्या '२५६ एमबी' लेबलवर विसंबू नका.

पीसी१३३ (१३३ मेगाहर्ट्झची) लिहिलेली चालेल, ती १०० मेगाहर्ट्झवर निमूट चालते. डीडीआर (एसडीरॅमनंतरच्या पिढीची रॅम) मात्र बसणार नाही: तिला १८४ पिन आणि एकच खाच, एसडीरॅमला दोन.

बदलताना पॉवर केबल भिंतीतून काढा. एटीएक्स बोर्डवर मशीन बंद असतानाही ५ व्होल्ट स्टँडबाय असतो. रॅमच्या पिना खोडरबरने हलक्या पुसा, चुरा झटका, मग मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमची एक पूर्ण फेरी चालवा. विंडोज ९८ असेल तर एकूण ५१२ एमबीवर थांबलेलं बरं. त्यापुढे व्हीकॅशमुळे (विंडोजच्या डिस्क कॅशमुळे) मेमरी अपुरी असल्याचे चुकीचे संदेश येऊ लागतात.