खुब्याचं ऑपरेशन: आधी घर बघा

काका, ऑपरेशनचं टेन्शन डॉक्टरांवर सोडा, तुम्ही घराकडे बघा. वॉकर धरून बहुतेक दुसऱ्याच दिवशी उभं करतात. मांडी-पोटरी सुजते, काळीनिळी पडते, घाबरू नका. पण पोटरी एकदम दुखायला लागली, दम लागला किंवा जखमेतून पाणी यायला लागलं, तर थांबायचं नाही, लगेच फोन करायचा. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चुकवू नका, गुठळीची भीती खरी असते.

आता संडास. भारतीय पद्धतीचा असेल तर विसरा. कमोडवर बसवायची उंच सीट आधीच आणा, परळला सर्जिकलच्या दुकानात मिळते. मागून चीर देऊन ऑपरेशन केलं असेल तर सुरुवातीचे काही आठवडे गुडघा कमरेच्या वर न्यायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आत वळवायचं नाही. म्हणजे खाली पडलेला रिमोटसुद्धा वाकून उचलायचा नाही! झोपताना दोन पायांमध्ये उशी. पाटावर मांडी घालून जेवणं, सोफ्यात रुतून बसणं बंद. हातांची उंच, कडक खुर्ची हवी.

तुमच्या चाळीला लिफ्ट नाही, म्हणून जिना हॉस्पिटलमध्येच शिकून घ्या: चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा. फिजिओथेरपीत कंजुषी नको. लोकल मात्र डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही, आणि नंतरही गर्दीच्या वेळी दादरला चढायची हौस कशाला?