बिबानं घातलेला बिब्बा

प्रश्न : 'कबानेरी ऑफ द आयर्न फोर्ट्रेस' ही झॉम्बीवाली ॲनिमे (म्हणजे जपानी ॲनिमेशन) सिरीज मी आणि रूममेटनं मिळून बघितली. पहिले चार एपिसोड आम्ही पाणी प्यायलासुद्धा उठलो नाही आणि शेवटचे चार मी मोबाईल बघत कसेबसे संपवले. रूममेट म्हणतो तुला काही कळत नाही, असलं ॲनिमेशन कुठं बघायला मिळणार आहे. माझं काही चुकतंय का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : नाही हो, काही चुकत नाही तुमचं. आणि गंमत म्हणजे रूममेटचंही चुकत नाहीये. (ज्यांनी सिरीज बघितलेली नाही त्यांनी इथंच थांबा, पुढं सगळं फोडणार आहे.)

2016 ची ही सिरीज, 12 एपिसोड, विट स्टुडिओची, दिग्दर्शक तेत्सुरो अराकी. म्हणजे 2013 मध्ये 'अटॅक ऑन टायटन' केली तीच मंडळी, संगीतसुद्धा त्याच हिरोयुकी सावानोचं, त्यामुळे पहिल्या एपिसोडला भिंती, मग दरवाजा फुटणं, मग अर्धा माणूस अर्धा राक्षस झालेला हिरो, हे सगळं बघून "अरे हे तर तेच!" असं वाटतं आणि ते खरंच आहे, मी काही बचाव करत बसणार नाही. पण अराकीनं इथं एक झकास काम केलं, ते म्हणजे गोष्ट रेल्वेत बसवली. वाफेच्या इंजिनांचा जमाना, माणसं तटबंदी घातलेल्या स्टेशनांत राहतात, एका स्टेशनातून दुसऱ्यात जायचं तर चिलखती गाडी, आणि बाहेर कबाने म्हणजे झॉम्बी. गाडी आली की फाटक उघडायचं, गेली की बंद. पण गाडीच कबानेंनी भरून आली तर? पहिल्या एपिसोडमध्ये नेमकं तेच होतं, गाडी थांबतच नाही, सरळ फाटक फोडून आत.

नियमपण बघा कसे घट्ट बांधलेत. कबानेचं हृदय लोखंडाच्या आवरणात असतं, ते फुटल्याशिवाय तो मरत नाही आणि साध्या बंदुकीनं ते फुटत नाही. ज्याला चावा बसला त्यानं स्वतःच छातीशी धरून उडवून घ्यायची, अशी एक स्फोटकांची पिशवी लोकांकडे असते. आता कुठल्याही झॉम्बी सिनेमात चावा बसलेला माणूस लपवाछपवी करतो, इथं त्याच्या हातात पिशवी देऊन सगळे त्याच्याकडे बघत उभे राहतात. मला तर दातांपेक्षा त्या पिशवीचीच भीती वाटली.

इकोमा हा हिरो कारखान्यात काम करणारा साधा पोरगा. त्याला चावा बसतो, विष वर चढायला लागतं आणि हा पठ्ठ्या आपल्याच गळ्याला यंत्र आवळून घेतो, कशाला तर ते डोक्यात जाऊ नये म्हणून. वाचतो, पण धड माणूस नाही न् धड कबाने नाही. त्यालाच कबानेरी म्हणतात. मग ज्या लोकांना वाचवायचं त्यांनीच याला गोळी घालायची, यानं तरी खाली उतरून त्यांच्या गाडीसाठी पूल सोडायचा, आणि नंतर गाडीत घेतला तरी शेवटच्या डब्यात ठेवायचा! गाडीला पाणी लागतं म्हणून मध्येच थांबावं लागतं, बॉयलर दुरुस्त करावा लागतो, लोक आपापसात कुजबुजतात, कोणाला खाली उतरवायचं यावर भांडणं. दाटीवाटीच्या डब्यातून जाणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको, माणसं जवळ बसली म्हणून एक होत नाहीत.

आणि चौथा एपिसोड. इकोमाला रक्ताची तहान लागलेली, लोक घाबरलेले, तेव्हा अयामे ही स्टेशनच्या सरदाराची मुलगी स्वतःचा हात कापते आणि त्याच्यापुढं धरते. भाषण बिषण काही नाही. पुढं गाडीतली साधी माणसं इकोमासाठी आणि मुमेई या दुसऱ्या कबानेरी पोरीसाठी थोडं थोडं रक्त द्यायला लागतात. माझ्या मते अख्ख्या सिरीजचा जीव एवढ्यात आहे.

आता तुमचा मोबाईल हातात का आला ते सांगतो. सातव्या एपिसोडच्या आसपास बिबा नावाचे गृहस्थ येतात, शोगुनचा म्हणजे तिथल्या सत्ताधीश सेनापतीचा मुलगा, केस लांब, आवाज गोड, आणि येतो तो थेट गोष्टीत बिब्बा घालायलाच. बापानं आपल्याला मरायला सोडलं म्हणून हा अख्खी राजधानी कबानेंच्या तोंडी द्यायला निघतो. बापावरचा राग समजू शकतो हो, पण सहा एपिसोड आपण ज्या गाडीतल्या माणसांना ओळखायला लागलो होतो ती सगळी एकदम मागं, आणि कबाने नुसते बिबाच्या हातातलं हत्यार. एकदा झॉम्बी कोणीतरी पाहिजे तिथं सोडू शकतो म्हटलं की त्यांची भीती गेली, मग ते पूर आल्यासारखे येतात आणि आपण जांभई देतो. मुमेईचं तर फारच वाईट वाटतं, एवढी झपाट्यानं लढणारी पोरगी बिबाला बघताच मुकाट त्याच्या मागं. ती लहानपणापासून त्याच्याच हाताखाली वाढलेली, तेव्हा कारण आहे, पण ते दाखवायला वेळ कुठं उरलाय. शेवट तर काय, पांढरं औषध, काळं औषध, दोन इंजेक्शनांत प्रश्न मिटला.

याचं एक कारण म्हणजे ही गोष्ट मांगावरून (जपानी कॉमिकवरून) घेतलेली नाही, थेट टीव्हीसाठी लिहिलेली आहे आणि 12 एपिसोडांत गाशा गुंडाळायचा होता. इचिरो ओकोउची लेखक आहे, मोठं नाव आहे, तरी घाई झाली ती झालीच. मला विचाराल तर बिबा ठेवायचाच होता तर 24 एपिसोड हवे होते, नाहीतर त्याला गाळून गाडी शेवटपर्यंत पळवायची.

आता रूममेटची बाजू. चेहरे हारुहिको मिकिमोतोनं काढलेत, 1982 च्या 'मॅक्रॉस' या ॲनिमेवाला. जवळून चेहरा दाखवायचा असला की त्यावर वेगळे कलाकार बसवून गालावर, ओठांवर, पापण्यांवर मेकअप केल्यासारखी रंगछटा चढवलीये, जुन्या पोस्टरसारखी. पहिल्या एपिसोडमध्ये मुमेई चालत चालत कबानेंना लोळवते तिथं पॉज करून बघा, रूममेट का भांडतोय ते कळेल. सिरीजमध्ये मुमेई फक्त 12 वर्षांची आहे, आणि कॅमेरा कधीकधी ते विसरतो, हे मात्र खटकतं.

2019 मध्ये आलेला सिनेमा पण बघून टाका, उनातोच्या लढाईचा. लहानसा आहे, बिबा नाही.

प्रश्न : माझा मुलगा सहावीत आहे, ही सिरीज बघू देऊ का? (एक आई, ठाणे)

उत्तर : नको. रक्ताचं सोडा, त्या पिशवीचा प्रसंग त्याच्या डोक्यातून जाणार नाही. दोन-तीन वर्षं थांबा.

प्रश्न : माझ्या भाचीनं 'स्कूल लाइव्ह' गोड मुलींची शाळेतली सिरीज म्हणून लावली आणि पहिला एपिसोड संपताना रडत बाहेर आली. हे काय प्रकरण आहे? (एक मामा, नाशिक)

उत्तर : भाचीला फसवलं नाही मामा, सगळ्यांनाच फसवलंय. 2015 ची आहे, तीही 12 एपिसोडांची. युकी नावाची मुलगी शाळा, मैत्रिणी, वर्ग सगळं छान छान बघते, आणि एपिसोडच्या शेवटी आपल्याला दिसतं की खिडक्या फुटल्यात, वर्गात कोणी नाही आणि खाली मैदानात झॉम्बी फिरतायत. तिनं डोक्यात शाळा चालू ठेवलीये. सुरुवातीचं गाणं दर वेळी स्किप करू नका, त्यातली चित्रं थोडी थोडी बदलत जातात, तिथंच बरंच काही सांगून टाकलंय. मध्येच एक स्विमिंग पूलचा एपिसोड आहे, तो सरळ पुढं ढकला, भीतीची सगळी हवा काढून टाकतो. आणि तारोमारू नावाचं कुत्रं आहे त्यात. भाची परत बघायला बसली तर शेवटच्या एपिसोडला तुम्ही शेजारी बसा.