पास्त्याऐवजी दुधीच्या शेवया : लगदा का होतो?

ताई, तुमची फजिती वाचून माझीच आठवली. सासऱ्यांना मधुमेह, पास्त्याची आवड सुटत नाही, म्हणून तुम्ही दुधीच्या लांब शेवया काढून टोमॅटो सॉसमध्ये दहा मिनिटं शिजवल्या आणि लगदा झाला. मी पहिल्यांदा नेमकं हेच केलं होतं. घरच्यांनी मुकाट्याने ते भातावर ओतून घेतलं!

पास्ता सॉसमधलं पाणी पितो, भाजी पाणी सोडते. दुधीत शंभरातले जवळजवळ ९५ भाग पाणीच असतं. तेव्हा पाणी आधी काढायचं, आणि सॉस पास्त्याला करतो त्याहून दाट करायचा.

दुधी कोवळा घ्या. आधी एक फोड चाखा. कडू लागला तर सगळाच टाकून द्या, कडू दुधी विषारी असतो. साल काढून दातेरी सोलाण्याने लांब शेवया ओढा, बियांचा मऊ भाग आला की थांबा. तो भाग डाळीत घाला. अर्धा किलो शेवयांना एक चमचा मीठ चोळून वीस मिनिटं चाळणीत ठेवा, मग पंच्यात बांधून पिळा. हात राखू नका, वाटीभर पाणी निघतं. कढई चांगली तापवून थोड्या तेलात मोठ्या आचेवर दोन मिनिटं, बस. सॉस वेगळा आटवलेला असावा, तो पानात वाढताना मिसळा. त्यात मीठ घालण्याआधी शेवया चाखून बघा.

खरं सांगू का, मी आता दुधी सोडून कच्च्या पपईवर आले आहे. गोव्यात घरामागे पपईचं झाड असतंच, नाहीतर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळते. हिरवीगार, आतून पांढरी हवी. सोलताना चीक हाताला लागतो, तेल लावून घ्या. तिच्या शेवया उकळत्या मिठाच्या पाण्यात एक मिनिट, लगेच गार पाण्यात, मग फडक्यावर कोरड्या करा. दाताखाली थोड्या करकरीत लागतात, पास्त्याच्या जवळ जातं ते हेच. घरात कोणी गरोदर असेल तर मात्र कच्ची पपई नको.

सॉसला टोमॅटोच हवा असं नाही. ओलं खोबरं, हिरवी मिरची, कोथिंबीर, लसूण आणि दोन सोलां (आमसुलं) एकत्र वाटून तेलात परतलं की चिकटून बसतं. मासे चालत असतील तर वरून कुरकुरीत भाजलेला गालमो, म्हणजे सुकी बारीक कोळंबी. तोंडाला पाणी सुटतं.

आता सासऱ्यांबद्दल. शिजवलेल्या पास्त्याच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३० ग्रॅम कर्बोदकं असतात, तेवढ्याच दुधीत तीन-चार. फरक मोठा आहे, पण म्हणूनच नुसत्या शेवयांनी पोट भरत नाही. मोड आलेले मूग, पनीर किंवा सुंगटां (कोळंबी) बरोबर द्याच. सासरे मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असतील तर ताटातली कर्बोदकं एकदम इतकी कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा, साखर फार खाली जाऊ शकते.

पिळून निघालेलं पाणी मी भाकरीच्या पिठात घालते. त्यात मीठ असतं, हे विसरून एकदा वरून पुन्हा मीठ घातलं होतं. त्या भाकऱ्या कुत्र्यानेही हुंगून सोडल्या.