"तठे मी मुकीच होई जासू, ताई"

अमळनेरजवळच्या खेड्यातून काकू इंग्रजी बोलण्याची धास्ती घालवायला माझ्याकडे जळगावला आल्या, त्या धाकट्या सुनेच्या आग्रहाने. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वय 58. थोरला मुलगा इंग्लंडात, लीड्सला. व्हिसा झालेला, तिकीट काढलेलं आणि काकूंची झोप उडालेली. खुर्चीवर टेकल्या टेकल्या म्हणाल्या, "तठे मी मुकीच होई जासू, ताई." परदेशी मुलांकडे निघालेल्या कितीतरी आयांकडून मी हेच ऐकते: इंग्रजी येत नाही, तर घराबाहेर पडायचं कसं?

मुलाने मोबाइलवर दीडशे वाक्यं पाठवली होती. काकूंनी ती वहीत देवनागरीत उतरवून घोकली, तरी धास्ती वाढतच होती. सगळ्यात अवघड कोणतं वाटतं, असं विचारलं तर "व्हेअर इज द बस स्टॉप"वर बोट ठेवलं. "हे मी म्हणीन हो. पण तो माणूस जे उत्तर देईल, त्याचं काय करू?"

गोम तिथेच होती. प्रश्न पाठ करता येतो, उत्तर मात्र समोरचा त्याच्या मनाने देतो. दुसऱ्या भेटीत आणखी आतलं बाहेर आलं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका लग्नात कोणीतरी इंग्रजीत काही विचारलं, काकू "येस येस" म्हणाल्या आणि मांडवातल्या बायका हसल्या. हे सांगताना पदराचं टोक त्यांनी बोटाला इतकं आवळलं की बोट पांढरं पडलं. आपल्याला कळलं नाही हे चारचौघांत दिसेल, याचीच त्यांना भीती होती.

मग वही बाजूला ठेवली. आधी एकच वाक्य: "सॉरी, स्लोली प्लीज." मी मुद्दाम भरभर इंग्रजी बोलायचं, काकूंनी मला अडवायचं. पहिल्यांदा नुसत्या पुटपुटल्या. मी विचारलं, कापसाचा व्यापारी गडबडीत भाव सांगून निघाला तर काय करता? लगेच हात वर झाला, "थांब रे भाऊ, धीरे धीरे सांग!" म्हटलं, हाच हात आणि हाच आवाज तिकडे न्यायचा. चौथ्या भेटीपर्यंत त्या मला वाक्याच्या मधेच अडवू लागल्या.

रोजच्या कामाचे संवाद फार नसतात. विमानतळावरचा अधिकारी कशासाठी आलात, कोणाकडे, किती दिवस एवढं बहुधा विचारतो. "माय सन, लीड्स, थ्री मंथ्स" पुरतं. मुलाचा पत्ता आणि परतीचं तिकीट हातपिशवीत हवं. "यू ऑलराइट?" हा तिकडचा रामराम आहे. मी आजारी दिसते की काय, असं वाटून घ्यायचं नाही. "ऑलराइट, थँक यू" म्हणून पुढे व्हायचं. "चीअर्स" म्हणजे बहुतेक वेळा आभार. बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक यू म्हणतात. त्या भागात दुकानातली बाई अनोळखी गिऱ्हाइकालाही "लव्ह" म्हणते, आपल्याकडे "काय घेती माय?" म्हणतात तसंच. हे ऐकून काकू पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. अडीअडचणीला 999 हा नंबर तेवढा पाठ करून घेतला.

मुलाला फोनवर मी एकच विनंती केली: आईला कोणी काही विचारलं की तुम्ही लगेच उत्तर देऊ नका, मनात दहा अंक मोजा. माझ्या मते घरच्यांची ही मायेची घाईच माणसाला जास्त मुकं करते.

तीन आठवड्यांनी काकूंचा आवाजी निरोप आला. एकट्या कोथिंबीर आणायला गेल्या होत्या. पैसे भरायचं यंत्र काहीबाही बोलून अडून बसलं. काकूंनी हात वर केला. दुकानातली पोरगी आली, "यू ऑलराइट, लव्ह?"

"मी सांगितलं, नॉट ऑलराइट! तिनं पिशवी उचलली, परत ठेवली, अन् झालं."