पत्र्यावरचे दगड आधी उतरव

लातूर,
14 जुलै 2024

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

बुधवारी सकाळी सव्वासातला भूकंपाच्या धक्क्यानं मांडणीवरचे डबे वाजले, आजी 'धरणीमाय, थांब गं' म्हणत उंबऱ्यातच बसली आणि तू तिला उचलून अंगणात आणलंस, हे वाचून जीव भांड्यात पडला. शेवटी तू लिहिलंस, "दहा सेकंदांत संपलं, मग आम्हीच हसत बसलो. आता काही नाही." हे पत्र त्या शेवटच्या तीन शब्दांसाठी आहे. हसलात ते बरं केलंत, त्यानं भीती उतरते. पण 'आता काही नाही' हे मनातून काढून टाक.

तुमच्या हिंगोली जिल्ह्यात, वसमतकडे जमीन बोलते हे नवं नाही. तिथल्या पांगरा शिंदे गावची माणसं वर्षानुवर्षं जमिनीतल्या आवाजांबद्दल सांगत आली आहेत. यंदाच 21 मार्चला सकाळी सहाच्या सुमारास अकरा मिनिटांत दोन धक्के बसले, 4.5 आणि 3.6 तीव्रतेचे. बुधवारचाही 4.5 चा. आधी घरघर आणि मग हादरा, असं का, हे तू विचारलंस. भूकंपाच्या वेगवान लहरी आधी पोचतात, जोरात हलवणाऱ्या लहरी मागून येतात. धक्का उथळ असला की त्या पहिल्या लहरींतलं थोडं कंपन कानाला ऐकू येतं. भारताची भूमी उत्तरेला हिमालयावर रेटते आहे. तो ताण आपल्या काळ्या पाषाणाखालच्या जुन्या भेगांवरही येतो आणि कधीतरी एखादी भेग सरकते.

आता किल्लारीचं सांगतो. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून गाढ झोपलेली. मी तेव्हा तुझ्याच वयाचा, नुकता अभियंता झालेलो. दुसऱ्या दिवशी पावसात तिकडे पोचलो. 52 गावं जमीनदोस्त झाली, सुमारे 10,000 माणसं गेली. तो धक्का 6.2 चा होता. 4.5 आणि 6.2 हे आकडे जवळचे वाटतात, पण ऊर्जेत फरक साडेतीनशे पट.

मला तिथं आकड्यांपेक्षा एक भिंत आठवते. अर्धी पडलेली, अर्धी उभी. अडीच फूट रुंद, बाहेरून बघणाऱ्याला वाटावं किल्लाच. पण पडलेल्या बाजूनं आत बघितलं तर ती एक भिंत नव्हतीच. बाहेरचा दगडांचा एक थर, आतला एक थर, आणि मधे नुसता चिखल आणि चिपा. दोन्ही थरांना धरून ठेवणारा एकही आरपार दगड नाही. हादऱ्यानं चपातीचे पापुद्रे सुटावेत तसे थर सुटले आणि वरचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, खाली आलं. दर पावसाळ्याआधी गळू नये म्हणून माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर टाकायची रीत होती. पिढ्यान् पिढ्यांची ती माती झोपलेल्या माणसांवर पडली. ज्यांनी घर राखायला माती चढवली, त्यांचाच जीव त्या मातीनं घेतला, हे मला आजही सोसत नाही.

तिथल्या एका म्हाताऱ्या बाईनं मला सांगितलं होतं, "साहेब, आदल्या वर्षीपण हादरे येत होते. चार दिवस अंगणात झोपलो, मग सवय झाली." तुला हे भिववायला लिहीत नाही. छोटा धक्का बसला म्हणजे मोठा येणारच, असं अजिबात नाही. 'आज रात्री दोन वाजता येणार' असे निरोप मोबाईलवर फिरतील. भूकंपाची वेळ जगात कुणालाच आधी सांगता येत नाही, तेव्हा ते पुढे पाठवू नकोस. पण घरातली माणसं सध्या घाबरलेली आहेत, ऐकायच्या मनःस्थितीत आहेत. महिन्याभरात हे विसरलं जाईल. कामं आत्ताच करून घे.

पुढच्या खोलीचा पत्रा वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवलेत, असं तू मागे बोलला होतास. ते सगळ्यात आधी उतरव. मार्चनंतर सरकारी सूचनाही तीच होती. नुसते उतरवू नकोस, पावसाळा आहे, त्याच दिवशी पत्रा जे-हुकांनी आड्याला आवळून घे. आणि ओल्या पत्र्यावर चढू नकोस.

मागची दगडी भिंत बघायला सोबत माझा जुना ओळंबा, म्हणजे वजन बांधलेला दोरा, पाठवतोय. वरून सोड. दोरा वर-खाली मोकळा राहून मधेच भिंतीला टेकला, तर भिंतीला पोट आलंय, आतले थर सुटायला लागलेत असं समज. तिथं गिलावा करून झाकू नका. आम्ही 93 नंतर तग धरलेल्या घरांत भिंतीला आरपार भोकं पाडून आकडा वळवलेली सळई घालायचो आणि काँक्रीट भरायचो. काम अनुभवी गवंड्याकडूनच करून घे, आधी छताला टेकू देऊन, आणि सगळी भोकं एकदम पाडू नयेत. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा निघाल्या असतील तर दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करून तारीख लिही. पंधरा दिवसांनी भेग खुणेपुढे गेली तर मला लगेच कळव.

पुन्हा हादरा आला तर? त्या दगडी खोलीत असलास आणि दार दोन पावलांवर असेल तर बाहेर मोकळ्यावर. मामाच्या स्लॅबच्या घरात असलास तर जिन्याकडे धावू नकोस, टेबलाखाली डोकं झाकून थांब. थांबल्यावर गॅस बंद.

आजीची बाज मात्र आज रात्रीच त्या दगडी भिंतीपासून काढ आणि पुढच्या खोलीत दाराजवळ टाक. तिथल्या पत्र्यावरचे दगड आधी उतरवलेले असू देत. ती 'माझी जागा तीच' म्हणेल. माझं नाव सांग, नाहीच ऐकलं तर फोन लावून दे, मी बोलतो तिच्याशी.

तुझा,
सर