‘यातली खरी तू कोणती गं?’

"मॅडम, लोक मला फेक समजतात," ती म्हणाली. हिंजवडीत आयटीत काम करणारी मुलगी (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). लिंक्डइनवर कामाच्या उत्साही पोस्ट, इन्स्टाग्रामवर कंटाळा आणि रडगाणं, नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नऊवारीतले फोटो. डबा खाताना टीममधल्या मैत्रिणीने चारचौघांत विचारलं, "यातली खरी तू कोणती गं?" तेव्हापासून ही रात्र रात्र जागून जुन्या पोस्ट उडवत बसायची.

ही तक्रार हल्ली माझ्याकडे बरेच जण घेऊन येतात. आजीशी, साहेबांशी आणि कॉलेजच्या कंपूशी आपण एकसारखं बोलत नाही, आणि ते ढोंग नसतं. पूर्वी ही माणसं आपापल्या जागी असायची, आता सगळी एकाच फोनमध्ये आहेत. शिवाय आपल्याला वाटतं तेवढं आपल्याकडे कुणाचं लक्षही नसतं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लाज वाटेल असा टी-शर्ट घालून विद्यार्थ्यांना इतर जण बसलेल्या खोलीत पाठवलं. निम्म्या जणांनी तो पाहिला असेल असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात जेमतेम पाव जणांच्या लक्षात आलं होतं.

एवढ्यावर तिची समजूत घालता आली असती. पण मैत्रिणीचा तो प्रश्न मला चेष्टेचा वाटेना. "ती तुझ्याशी कधीपासून तुटक वागायला लागली?" मी विचारलं. ती फोनवर मागे मागे जात राहिली आणि एका सोमवारच्या स्टोरीपाशी थांबली. सिंहगड, हातात मटका दही. त्याच दिवशी तिने आजारपणाची रजा टाकली होती, आणि रिलीजचं, म्हणजे तयार सॉफ्टवेअर वापरासाठी खुलं करण्याचं, काम मैत्रिणीने एकटीने रात्री उशिरापर्यंत बसून उरकलं होतं. त्याच आठवड्यात लिंक्डइनवर हिची पोस्ट: ‘टीमसाठी सदैव हजर.’

तिचा चेहरा उतरला. नऊवारी आणि रडगाणं कुणालाच खुपलं नव्हतं. माझ्या पाहण्यात तरी माणूस दोन जागी दोन तऱ्हेने दिसला म्हणून लोक बिथरत नाहीत. त्या फरकाची झळ स्वतःला बसली की बिथरतात.

इन्स्टाग्रामवरच्या ‘क्लोज फ्रेंड्स’ या निवडक लोकांच्या यादीतून मैत्रिणीला काढू का, असं तिने विचारलं. मी ठाम नाही म्हटलं. मेसेजही नको, समोर बसून बोल.

"त्या दिवशी मी आजारी नव्हते गं. माझं काम तुझ्यावर पडलं, चुकलंच माझं," एवढंच ती बोलली. मैत्रीण काही दिवस घुश्शातच होती. मग पुढच्या रिलीजच्या दिवशी तिने रजा मागितली, आणि ते काम हिने केलं.